हललेल्या फाइलचा माग

भिलाईच्या खुर्सीपारमध्ये राहणाऱ्या माणसाला पत्ता विचारला, तर तो सांगेल : खुर्सीपार, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगढ. याच जमिनीचा पत्ता गेल्या सव्वाशे वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला आहे. १९०६ मध्ये रायपूर आणि बिलासपूर जिल्ह्यांचे काही भाग काढून दुर्ग जिल्हा केला गेला, तेव्हा तो मध्यप्रांतात होता. १९३६ मध्ये प्रांताच्या अधिकृत नावाला वऱ्हाड जोडलं गेलं. १९५० मध्ये त्याच प्रांताचं मध्यप्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भातले आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ मध्यप्रदेशात आले, आणि राजधानी भोपाळला हलली. १ नोव्हेंबर २००० ला सोळा जिल्ह्यांचं छत्तीसगढ वेगळं झालं. मधल्या काळात, १९७३ मध्ये, दुर्गमधून राजनांदगाव जिल्हा निघाला होता. २०१२ मध्ये बालोद आणि बेमेतरा निघाले.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ ला करार झाला, तेव्हा भिलाईची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, तेव्हा ती भोपाळ होती. आज ती रायपूर आहे. या कारखान्याचा किंवा त्याच्या भोवतालच्या वस्त्यांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला केवळ आजचा पत्ता पुरत नाही. कोणत्या वर्षाचा कागद कोणत्या राज्याच्या, कोणत्या जिल्ह्याच्या नावाखाली लागला असेल, हे त्याला माहीत असावं लागतं. जमीन जागची हलली नाही, तरी तिच्यापर्यंत जाणारी वाट बदलली. आणि वाटेतले बदल कुणी नोंदवले नसतील तर जुना कागद असूनही सापडत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हाच प्रश्न रोज पडतो. फाइलचं नाव बदललं, ती एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली, की तिचा आधीचा इतिहास तिच्याबरोबर येतो का? साधा वाटणारा हा प्रश्न व्हर्जन कंट्रोलच्या पन्नास वर्षांत सतत वादाचा राहिला आहे. निरनिराळ्या प्रणालींनी त्याला निरनिराळी उत्तरं दिली. त्या उत्तरांमधून फाइलची ओळख नेमकी कशात असते, हे फार स्वच्छ दिसतं.

एक उदाहरण

समजा, भिलाईतल्या काही मंडळींनी आपल्या परिसराचा इतिहास लिहायला घेतला आहे. प्रत्येक वस्तीसाठी एक फाइल, प्रत्येक जिल्ह्यासाठी एक फोल्डर, प्रत्येक राज्यासाठी त्याच्या वरचा एक फोल्डर. खुर्सीपारची फाइल ‘मध्यप्रदेश’ या फोल्डरमधल्या ‘दुर्ग’ फोल्डरमध्ये आहे. पाच-सहा जण तिच्यात भर घालतात, चुका दुरुस्त करतात. हे सगळं व्हर्जन कंट्रोलमध्ये आहे. म्हणजे कोणती ओळ कुणी, कधी, का बदलली याची नोंद कायम राहते. अशा प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात, आणि सर्व कमिट जिथे साठतात त्या जागेला रिपॉझिटरी.

आता कुणीतरी ठरवतं की ‘दुर्ग’ हा फोल्डर ‘छत्तीसगढ’खाली न्यायचा. संगणकाच्या दृष्टीनं हे क्षणाचं काम आहे. पण रिपॉझिटरीपुढे दोन प्रश्न उभे राहतात. जुन्या जागेवरची फाइल नाहीशी झाली, तिचं काय झालं? आणि नव्या जागेवर फाइल उगवली, ती कुठून आली? ही दोन टोकं जोडली गेली तर इतिहास सलग राहतो. ती तुटली तर खुर्सीपारच्या फाइलचा जन्म कालचा ठरतो आणि तिच्यात वर्षभर राबलेल्यांचं काम नव्या फाइलच्या इतिहासात दिसेनासं होतं.

जुनं पुसलं, नवं आलं

बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये लिहिलेली एससीसीएस ही या प्रकारातली पहिली महत्त्वाची प्रणाली. पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांची आरसीएस १९८२ ची. दोन्हींमध्ये प्रत्येक फाइलचा इतिहास स्वतंत्रपणे, त्या फाइलच्याच नावाशी बांधलेला असे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या सीव्हीएसनं अनेक माणसांना एकाच वेळी काम करण्याची सोय दिली, पण पाया आरसीएसचाच होता. सर्व्हरवर मूळ फाइलच्या नावापुढे स्वल्पविराम आणि ‘व्ही’ लावलेली एक फाइल असे आणि सगळा इतिहास तिच्यात.

सीव्हीएसमध्ये नाव बदलायचे दोन मार्ग होते आणि दोन्ही वाईट होते. पहिला : जुनी फाइल काढायची आणि नवी घालायची. जुना इतिहास ‘अ‍ॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसे. नव्या फाइलकडून तिथे पोचणारी वाट नसे. दुसरा : थेट सर्व्हरवर जाऊन इतिहासाची फाइलच हलवायची. यात इतिहास वाचे, पण जुनी आवृत्ती बाहेर काढली की तिच्यातही फाइल नव्या नावानं येई. दोन वर्षांपूर्वीचा प्रोग्राम जुन्या नावाच्या फाइलला हाक मारी आणि ती जागेवर नसे. भूतकाळ सलग दिसावा म्हणून भूतकाळच बदलला जाई. त्यामुळे सीव्हीएस वापरणारे गट नावं बदलणंच टाळत. चुकीच्या जागी पडलेली फाइल वर्षानुवर्षं तिथेच राही, कारण हलवण्याची किंमत फार होती.

२००० मध्ये काम सुरू होऊन फेब्रुवारी २००४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या सबव्हर्जननं ही कोंडी फोडली. तिनं फाइलबरोबर फोल्डरचाही इतिहास ठेवायला सुरुवात केली. नाव बदलणं म्हणजे ‘इतिहासासह नक्कल’ आणि मग ‘जुनी काढून टाकणं’, अशी तिची रीत. नव्या फाइलच्या नोंदीत ती कोणत्या जागेवरून, कोणत्या आवृत्तीतून आली हे लिहिलेलं असतं. लॉग, म्हणजे फाइलच्या बदलांची यादी, मागितला की तो जुन्या नावापर्यंत मागे जातो.

पण हलवणं ही एक स्वतंत्र क्रिया म्हणून तिथेही नव्हती. नक्कल आणि काढून टाकणं, अशा दोन क्रिया होत्या. त्याचा त्रास मर्जमध्ये, म्हणजे एकाच कामाच्या समांतर शाखा एकत्र आणताना, होई. एकानं मुख्य शाखेत फाइल हलवली, दुसरीनं आपल्या शाखेत जुन्या जागेवरच तिच्यात परिच्छेद वाढवले. दोन्ही शाखा एकत्र आणताना दुसरीचे परिच्छेद कुठे जायचे? सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये असे बदल नुसते वगळले जाऊ शकत. २००९ च्या १.६ आवृत्तीपासून सबव्हर्जन अशा ठिकाणी थांबून संघर्ष झाल्याचं सांगू लागली, पण तो सोडवण्याचं काम बऱ्याच अंशी माणसाकडेच राहिलं.

नोंद करणारे

काही प्रणालींनी वेगळी दिशा धरली. जीएनयू आर्च आणि नंतर कॅनॉनिकल या कंपनीच्या बझारनं प्रत्येक फाइलला जन्मतःच एक कायमचा अंतर्गत ओळख-क्रमांक दिला. नाव आणि जागा हे त्या क्रमांकाचे केवळ गुण. ते कितीही बदलले तरी क्रमांक तोच. मर्ज करताना प्रणाली क्रमांक जुळवते, त्यामुळे एकानं हलवलेल्या आणि दुसरीनं दुरुस्त केलेल्या फाइलमध्ये दोन्ही बदल आपोआप बसतात. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००७ मध्ये याच मुद्द्यावर भर देऊन लिहिलं होतं : माणसं विखुरलेली असताना नावं बिनधास्त बदलता येणं हे अशा प्रणालींचं सर्वांत मोठं बळ आहे. मर्क्युरियलमध्ये फाइलला असा क्रमांक नसतो. पण ही फाइल अमक्या फाइलवरून आली, ही नोंद कमिटमध्ये स्पष्टपणे होते.

या पद्धतीचं सामर्थ्य उघड आहे : अंदाज नाही, लेखी नोंद आहे. तिची मर्यादाही तितकीच खरी. नोंद व्हायची तर हलवणाऱ्यानं प्रणालीला सांगायला हवं. कुणी संपादकातून किंवा फाइल मॅनेजरमधून परस्पर नाव बदललं, कुणी ई-मेलनं आलेली बदलांची फाइल लावली, तर सांगणारं कुणी उरत नाही. आणि खुर्सीपारच्या फाइलमधले दोन परिच्छेद उचलून ‘भिलाई पोलाद कारखाना’ या फाइलमध्ये नेले, तर फाइलच्या ओळख-क्रमांकाला त्याचा पत्ताच लागत नाही. तिथे फाइल हललेली नसते, मजकूर हललेला असतो. आणि प्रत्यक्ष कामात मजकूर फाइलपेक्षा जास्त वेळा हलतो.

गिट काय साठवतं

२००२ पासून लिनक्स कर्नलचं काम बिटकीपर या व्यावसायिक प्रणालीत चालत असे. एप्रिल २००५ मध्ये तिचा मोफत वापर थांबला आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. ती म्हणजे गिट. त्याच महिन्यात, गिट अगदी बाल्यावस्थेत असताना, नामबदलाची नोंद ठेवावी असा आग्रह झाला आणि टॉरवाल्ड्स यांनी तो नाकारला. त्यांचं म्हणणं असं होतं की फाइलची सीमा ही सोयीसाठी आखलेली असते. इतिहास विचारणाऱ्याला खरं तर ‘हा मजकूर कुठून आला’ हे हवं असतं. ते दोन आवृत्त्यांची तुलना करून नंतर कधीही शोधता येतं. म्हणून आधी नोंदवण्याची गरज नाही.

हे कसं शक्य होतं ते कळण्यासाठी गिटचं भांडार आत डोकावून पाहायला हवं. फाइलमधला मजकूर गिट ‘ब्लॉब’ म्हणून साठवतं. ब्लॉबला फाइलचं नाव नसतं. त्याची ओळख म्हणजे त्याच्या मजकुरातून एसएचए-१ या गणिती रीतीनं काढलेली चाळीस अंकाक्षरांची खूण. मजकूर तोच असेल तर खूण तीच. एक काना बदलला तरी खूण पूर्ण वेगळी. नावं राहतात ‘ट्री’मध्ये. ट्री म्हणजे एका फोल्डरची यादी : अमुक नावाखाली अमुक खुणेचा ब्लॉब, तमुक नावाखाली तमुक खुणेचं दुसरं ट्री. आणि ट्रीची स्वतःची खूणही याच यादीतून निघते.

आता ‘दुर्ग’ फोल्डर मध्यप्रदेशातून छत्तीसगढमध्ये नेल्यावर आत काय होतं ते पाहा. खुर्सीपारच्या फाइलचा मजकूर बदलला नाही, म्हणून तिचा ब्लॉब तोच. ‘दुर्ग’च्या यादीतली नावं आणि खुणा बदलल्या नाहीत, म्हणून ‘दुर्ग’चं ट्रीही तेच. नवी लिहिली जातात ती फक्त वरची ट्री : ‘मध्यप्रदेश’च्या यादीतून एक ओळ गेली, ‘छत्तीसगढ’च्या यादीत एक ओळ आली, आणि या दोघांना धरणारं सर्वांत वरचं ट्री बदललं. दुर्गमध्ये शंभर फाइली असोत की दहा हजार, हलवण्याचा साठवणुकीवरचा भार जवळजवळ शून्य. राज्य बदललं तरी जमीन जागची हलली नाही, हे गिटच्या रचनेत अक्षरशः खरं आहे.

म्हणूनच ‘गिट एमव्ही’ या आज्ञेत काही विशेष जादू नाही. फाइल हाती हलवून जुनी जागा काढली व नवी घातली, असं गिटला सांगण्याची ती सोय आहे. दोन्ही रीतींनी होणारं कमिट सारखंच असतं. ‘नाव बदललं’ असा शब्द त्यात कुठेही लिहिला जात नाही.

अनुमान कसं होतं

मग गिट पडद्यावर ‘रिनेम्ड’ कुठून दाखवतं? दोन आवृत्त्या समोर ठेवून ते दर वेळी नव्यानं अनुमान करतं. नाहीशा झालेल्या फाइली एका बाजूला, नव्या उगवलेल्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या फेरीत फक्त खुणा जुळवायच्या. खूण तीच असेल तर शंभर टक्के तीच फाइल. मजकूर उघडायचीही गरज नाही.

उरलेल्यांसाठी दुसरी फेरी. मजकुराचे ओळीओळीनं तुकडे करायचे, ओळ फार लांब असेल तर चौसष्ट बाइटला तोडायचं, आणि जुन्यातले किती तुकडे नव्यात टिकले ते मोजायचं. टिकलेला मजकूर दोन्हींतल्या मोठ्या फाइलच्या मानानं निम्मा किंवा जास्त भरला, तर गिट त्यांना एकच फाइल मानतं. ही पन्नास टक्क्यांची रेषा वापरणाऱ्याला बदलता येते. सारख्या लांबीच्या शंभर ओळींच्या फाइलमध्ये नाव बदलताना तीस ओळी बदलल्या, तर साम्य सत्तर टक्के आणि माग टिकतो. साठ बदलल्या तर साम्य चाळीस, आणि गिट सांगतं की एक फाइल पुसली, दुसरी नवी आली. तीन-चार ओळींच्या चिमुकल्या फाइलला एवढंही लागत नाही. दोन ओळी बदलल्या की माग तुटू शकतो.

या अनुमानाच्या तीन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिली, जोडी एकास एक असते. तीन फाइली मिळून एक केली तर तिच्यापर्यंत एकीचाच माग येतो, बाकी दोन पुसल्याच म्हणून दिसतात. दुसरी, तीनशे गेलेल्या आणि तीनशे आलेल्या फाइली ताडून पाहायच्या तर नव्वद हजार तुलना होतात. म्हणून ठरावीक मर्यादेपलीकडे गिट दुसरी फेरी सोडून देतं. खूण तंतोतंत जुळणाऱ्या फाइली मात्र तेव्हाही सापडतात. तिसरी मर्यादा सहसा कुणी सांगत नाही. जे नाव दोन्ही आवृत्त्यांत जागेवर आहे, त्याच्या आतला मजकूर कितीही बदलला तरी गिट ती तीच फाइल मानतं. १९५६ मध्ये ‘मध्यप्रदेश’ हे नाव राहिलं आणि आतला प्रदेश मोठ्या प्रमाणात वेगळा झाला. तशा फाइलबाबत गिटला शंका येत नाही. तुटक पाहण्याचा वेगळा पर्याय मुद्दाम दिला तरच ते तिचे दोन भाग करून पाहतं.

ही अनुमानाची सोय सुरुवातीला मागून घ्यावी लागे. जून २०१६ च्या २.९ आवृत्तीपासून फरक आणि लॉग दाखवताना ती आपोआप चालू असते. एका फाइलचा इतिहास नामबदलापलीकडे पाहायचा असेल, तर लॉगला ‘फॉलो’ हा पर्याय अजूनही द्यावा लागतो. कोणती ओळ कुणाची हे सांगणारी ‘ब्लेम’ आज्ञा पूर्ण फाइलच्या नामबदलामागे स्वतःहून जाते. मजकूर दुसऱ्या फाइलमधून उचलला असेल तर तिला मोठा ‘सी’ हा पर्याय द्यायचा. फाइलींमध्ये फिरलेल्या परिच्छेदांचा माग काढण्याचं जे वचन टॉरवाल्ड्स यांच्या युक्तिवादात होतं, ते इथे पूर्ण होतं.

सगळा फोल्डर हलतो तेव्हा

सर्वांत अवघड प्रसंग मर्जचा. मुख्य शाखेत दुर्गचा फोल्डर छत्तीसगढमध्ये गेला. त्याच वेळी दुसऱ्या शाखेत कुणीतरी जुन्याच जागी, ‘मध्यप्रदेश/दुर्ग’मध्ये, कुम्हारी या वस्तीवर नवी फाइल लिहिली. शाखा जोडल्यावर ती कुठे जावी? वाचणारा चटकन म्हणेल, छत्तीसगढमध्ये. पण या फाइलला जुनी जोडीदार नाही, त्यामुळे फाइलीफाइलींचं साम्य इथे उपयोगी पडत नाही. बरीच वर्षं ती एकटी जुन्या फोल्डरमध्ये राहून जात असे.

एलायजा न्यूरेन यांनी लिहिलेली, हललेला फोल्डर ओळखण्याची सोय जून २०१८ मध्ये गिटच्या २.१८ आवृत्तीत आली. एका बाजूनं फोल्डर पूर्ण रिकामा होऊन नाहीसा झाला असेल, तर आतल्या बहुतांश फाइली कुठे गेल्या ते गिट पाहतं आणि नव्या फाइलची जागा तिथे सुचवतं. ही सूचना ते गुपचूप अमलात आणत नाही. संघर्ष म्हणून दाखवतं आणि माणसाचा होकार मागतं. २०१२ सारखी विभागणी असेल, म्हणजे काही फाइली बालोदमध्ये, काही बेमेतरामध्ये गेल्या पण ‘दुर्ग’ शिल्लक आहे, तर गिट फोल्डर हलला असं मानत नाही आणि नवी फाइल दुर्गमध्येच ठेवतं. फोल्डर संपला आणि फाइली दोन ठिकाणी समसमान विखुरल्या, तर ते निर्णय देत नाही. न्यूरेन यांनीच मर्जचं हे सगळं यंत्र नव्यानं लिहिलं. नोव्हेंबर २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून तेच नेहमीचं झालं आणि मोठ्या स्थलांतरांनंतरचे मर्ज पुष्कळ वेगवान झाले.

मोठ्या स्थलांतराचा उत्तम नमुना लिनक्स कर्नलमध्येच आहे. इंटेलच्या ३२ बिट आणि ६४ बिट प्रोसेसरांसाठीचा कोड दोन वेगळ्या फोल्डरांत वाढला होता आणि त्यात पुष्कळसा मजकूर दुहेरी होता. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये दोन्ही फोल्डर ‘एक्स-८६’ या एका फोल्डरमध्ये आणले. जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२४ मध्ये ते जगापुढे आलं. त्यांनी घाई केली नाही, यातच त्यांचं शहाणपण होतं. आधी फाइली जशाच्या तशा हलवल्या आणि जिथे एकाच नावाच्या दोन आल्या तिथे नावाला ३२ आणि ६४ असे प्रत्यय लावले. दुहेरी फाइली एकत्र करण्याचं नाजूक काम पुढच्या आवृत्त्यांमध्ये, एकेक करून, सावकाश झालं. हलवण्याच्या पायरीवर मजकूर जवळजवळ तोच राहिल्यामुळे गिटमधला आधीचा इतिहास जोडलेला राहिला.

देवनागरी नावांची अडचण

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांना आणखी एक प्रकारचा नामबदल भेटतो : कुणीही न केलेला. गिटच्या लेखी नाव म्हणजे बाइटांची माळ. डोळ्यांना सारखं दिसणारं नाव बाइटांत वेगळं असू शकतं. छत्तीसगढ हे नाव मराठीत आपण साध्या ‘ढ’नं लिहितो. हिंदीत त्याखाली नुक्ता येतो, आणि तो ‘ढ़’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : तयार अक्षराचा एक संकेतांक, किंवा ‘ढ’ आणि नुक्ता असे दोन. पहिला तीन बाइटांचा, दुसरा सहा. म्हणजे एकाच राज्याच्या नावाचे तीन फोल्डर शेजारी शेजारी होऊ शकतात आणि त्यातले दोन पाहून कळतही नाहीत.

‘वऱ्हाड’चंही तसंच. त्यातला ‘ऱ’ एका संकेतांकानं लिहिला जातो, ‘र’ अधिक नुक्ता असाही लिहिला जातो, आणि काही कळफलक ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन तोच आकार उमटवतात. पहिल्या दोन रूपांना युनिकोड समतुल्य मानतं. तिसऱ्याला मानत नाही. मॅकची जुनी एचएफएस-प्लस फाइल प्रणाली नावं साठवताना अक्षरांचे असे तुकडे करी, लिनक्स बाइट आहेत तसे ठेवतो. त्यामुळे एकीकडून दुसरीकडे गेलेली रिपॉझिटरी सांगू शकते की ‘वऱ्हाड’ पुसला आणि ‘वऱ्हाड’ नवा आला. मॅकवर नावं पुन्हा जोडून घेणारी सोय गिटनं २०१२ मध्ये दिली, ती याच कारणासाठी. आतला मजकूर न बदलल्यामुळे अशा वेळी खुणा जुळतात आणि इतिहास वाचतो. पण गटानं कोणता कळफलक आणि कोणतं रूप वापरायचं हे आधी ठरवावं.

शिवाय गिट मुळात अशी नावं अंकांत दाखवतं. खुर्सीपारचा ‘ख’ पडद्यावर \३४०\२४४\२२६ असा उमटतो. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की अक्षरं दिसू लागतात. ती प्रत्येक मराठी वापरणाऱ्यानं पहिल्याच दिवशी बंद करावी.

रिपॉझिटरीबाहेरचं जग

फाइलचा इतिहास सांभाळला म्हणजे नाव बदलण्याचं काम संपलं असं नाही. जुन्या नावानं हाक मारणारे बाहेर असतात. भारताच्या वेळेसाठी जगभरचे संगणक जी माहिती वापरतात, तिच्यात आपल्या वेळेचं नाव ‘एशिया/कॅलकटा’ होतं. शहराचं नाव २००१ मध्ये अधिकृतपणे कोलकाता झालं आणि पुढे या माहितीतही ‘एशिया/कोलकाता’ आलं. जुनं नाव मात्र काढून टाकलं नाही. जुन्या नावांची एक वेगळी फाइल ठेवून तिथे त्याची नव्याशी सांगड घातली आहे, त्यामुळे जुने प्रोग्राम आजही योग्य वेळ दाखवतात.

भारतीय लिप्यांसाठी ‘लोहित’ हे मुक्त फॉन्ट रेड हॅटनं २००४ मध्ये खुले केले आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. लोहित हिंदी, लोहित मराठी, लोहित नेपाळी अशा वेगळ्या फॉन्टांची लिपी एकच असल्यानं पुढे त्यांचा लोहित देवनागरी झाला. २०११ मध्ये ओरिसाचं ओडिशा झालं आणि लोहित ओरियाचंही लोहित ओडिया झालं. पण युनिकोडमधल्या त्या लिपीच्या अक्षरांची अधिकृत इंग्रजी नावं आजही ‘ओरिया’चीच आहेत, कारण एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही असा युनिकोडचा नियम आहे. भाषेचा दोन अक्षरी संकेतही जुनाच राहिला. माणसांना दाखवायचं नाव काळाबरोबर बदलावं. यंत्रं ज्या खुणेवर विसंबतात ती स्थिर ठेवावी. ही विभागणी ज्यांनी पाळली, त्यांना नाव बदलणं सोपं गेलं.

हलवण्याची शिस्त

नोंद करणाऱ्या प्रणाली आणि अनुमान करणारं गिट यांच्या वादात वापराच्या बाबतीत गिट जिंकलं. आज नवं काम जवळजवळ सगळं त्यातच होतं. पण या विजयानं वापरणाऱ्यावर एक जबाबदारी आली आहे, ती पुरेशी शिकवली जात नाही. लेखी नोंद नाही, म्हणजे पुरावा मजकुरातच राहायला हवा. आणि तो राहतो की पुसला जातो हे कमिट करणाऱ्याच्या हातात असतं.

म्हणून हलवणं आणि बदलणं एकाच कमिटमध्ये करू नये. एक कमिट फक्त हलवण्याचं. हलवल्यावर प्रोग्राम चालता राहावा यासाठी जे दोन-चार संदर्भ दुरुस्त करावे लागतात, ते त्यात चालतील. साम्य त्यानं फारसं घटत नाही. नवं लेखन, पुनर्रचना, ओळींची नव्यानं मांडणी हे सगळं पुढच्या कमिटमध्ये. कमिट करण्याआधी स्थिती पाहावी. तिथे ‘रिनेम्ड’ दिसलं पाहिजे. ‘डिलीटेड’ आणि ‘न्यू फाइल’ अशी फोड दिसली तर काम दोन कमिटमध्ये वाटावं. संदेशात जुनी आणि नवी जागा दोन्ही शब्दांत लिहावी, म्हणजे अनुमान चुकलं तरी शोधणाऱ्याला धागा मिळेल. ज्यांच्या शाखा उघड्या आहेत त्यांना आधी कळवावं, आणि बाहेरून कोणी जुन्या नावानं हाक मारत असेल तर काही काळ जुनं नाव चालू ठेवावं.

यातलं काहीच अवघड नाही. फार तर एक जास्तीचं कमिट आणि दोन वाक्यं. त्याच्या मोबदल्यात आणखी पाच वर्षांनी एखादी ओळ का लिहिली हे शोधणाऱ्या अनोळखी माणसाला ती मूळ लिहिणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोचता येतं, त्या ओळीमागचं कारण वाचता येतं, आणि ती ओळ विचार करून बदलता येते. मजकूर लिहिणाऱ्याचं श्रेय आणि वाचणाऱ्याची समज, दोन्ही त्या एका वेगळ्या कमिटवर अवलंबून असतात. म्हणून नव्यानं शिकणाऱ्याला गिटच्या आज्ञा पाठ करायला लावण्याआधी ही सवय लावावी : आधी हलवा, नोंदवा, मग बदला.